द्वारकाअक्कांचं भांडण

हाडांच्या वॉर्डात उमेदीची सगळी वर्षं काढल्यावर माझं एक मत झालंय आणि ते बदलायला मी तयार नाही. चार ते सहा ही जी भेटायची वेळ असते ना, ती बंद करून टाकावी. धुळ्याचा तो आमचा दवाखाना आग्रा रोडपासून जवळ. ट्रकनं उडवलेला, विहिरीत पडलेला, जिनिंगच्या यंत्रात हात सापडलेला माणूस आमच्याकडे यायचा. डॉक्टर हाड बसवायचे, आम्ही ड्रेसिंग करायचो, ताप उतरायचा, माणूस जरा हसायला लागायचा. आणि चार वाजता गावाहून जीप भरून माणसं यायची. कॉटभोवती कोंडाळं करून उभी राहायची. त्यातलं एक कोणीतरी, बहुतेक वेळा अगदी जवळचंच, मोठा सुस्कारा टाकून म्हणायचं, "काय पाप करेल व्हई बरं यानी?"

सहा वाजता जीप निघून जायची आणि तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवणाचं ताट तसंच परत यायचं. मला इतका संताप यायचा की विचारू नका. अरे, हाड मोडलंय त्याचं! ते बसवायला आम्ही रक्ताचं पाणी करतो, आणि तुम्ही दोन तासांत येऊन त्याला गुन्हेगार करून जाता? पण मी पडले नर्स. आमच्याकडे तापावर गोळी होती, दुखण्यावर इंजेक्शन होतं. ह्याच्यावर काहीच नव्हतं.

नव्हतं म्हणजे, द्वारकाअक्का येईपर्यंत नव्हतं.

अक्का मूळच्या रावेरकडच्या, लेवा पाटलांच्या. घरी केळीच्या बागा. अंगापिंडानं थोराड, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की पाटाच्या पलीकडच्या गड्याला हाक मारायची सवय असलेला. मुलगा धुळ्यात बँकेत होता. बागेत चिखलात पाय घसरून खुबा मोडला म्हणून तो त्यांना आमच्याकडे घेऊन आला, तेव्हा त्या आमच्या पेशंट होत्या. बऱ्याच आठवड्यांनी घरी गेल्या तेव्हा एक पाय जरासा आखूड राहिला होता. चांभाराकडून एका चपलेला जाड तळ लावून घेतला आणि गावी न जाता मुलाकडेच राहिल्या. नवऱ्याचं विचारलं तर म्हणायच्या, "ते केळी सोडून येत नाहीत, मी माणसं सोडून जात नाही. दोघांचं बरं चाललंय."

त्या पेशंट असताना त्यांची एक जाऊ भेटायला आली होती. तिनंही तेच केलं. कॉटच्या पायाशी बसून, डोळ्याला पदर लावून, कुळाचाराचं काय राहिलं, कोणत्या देवाचं काय चुकलं याची चौकशी सुरू केली. अक्कांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माह्यं काही चुकलं नही. चुकलं असंन तर देवाचं चुकलं. जाय, त्याले इचार." एरवी अक्का शुद्ध बोलायच्या, चार बुकं शिकलेल्या होत्या. राग आला की मात्र रावेरची बोली उसळून वर यायची. आम्हाला वॉर्डात त्यांचा पारा कळायला दुसरं थर्मामीटर लागायचं नाही.

बऱ्या झाल्यावर त्या रोज चारच्या ठोक्याला यायला लागल्या. हातात काही नसायचं. केळीच्या मुलखातली बाई, पण कधी एक केळं आणलं नाही. मी एकदा चेष्टेनं विचारलं, तर म्हणाल्या, "फळं आणली की माणूस फळांशी बोलतो, सिस्टर. किती डझन, कुठून घेतली, अजून एक खा. मग माझ्याशी कधी बोलणार?" ज्या कॉटजवळ कोणी आलेलं नसेल तिथे स्टूल ओढायच्या. ज्या कॉटजवळ फार माणसं असतील तिथेही ओढायच्या, फक्त जरा जास्त आवाज करून.

"कसं झालं?" हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. ते सांगून सांगून पेशंटच्या तोंडाला फेस आलेला असतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कोणावर राग आहे?"

माणसं गोंधळायची. कोणी म्हणायचं ट्रकवाल्यावर, कोणी भावावर, कोणी शेजारच्या कॉटवरच्या घोरणाऱ्यावर. मग अक्का पुढे झुकून विचारायच्या, "आणि देवावर? असेल तर सांगून टाक. मी जाताना देवळावरूनच जाते. पोचवते."

आणि त्या खरंच पोचवायच्या. पांझरेकाठच्या देवीच्या देवळात मी एकदा मंगळवारी गेले, तर पुढे अक्का उभ्या. हात जोडलेले, डोक्यावर पदर, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "तो जिनिंगमधला पोरगा. त्याचा उजवा हातच का? दोन होते ना त्याला? आणि ती खिडकीजवळची म्हातारी म्हणते, मला नेलं असतंस तर बरं झालं असतं. का नेलं नाहीस ते तिला कळव." पुजारी वैतागून घंटा वाजवत होता. मागच्या बायका कुजबुजत होत्या. अक्का सगळं सांगून झाल्यावर वाकून नमस्कार करून, कुंकू लावून, एका बाजूला झुकत शांतपणे निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीला म्हणाल्या, "सांगितलंय. उत्तर आलं नाही अजून. आपण जेवून घेऊ."

म्हातारी जेवली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

आमच्या मोठ्या डॉक्टरांचा हात सोन्याचा होता, पण जीभ तशी नव्हती. त्यांना हे सगळं थोतांड वाटायचं. एकदा राऊंडच्या वेळी म्हणाले, "अक्का, देवबीव काही नसतं हो. कशाला या लोकांना अजून नादाला लावता?" अक्का म्हणाल्या, "बरं झालं तुमचं, डॉक्टर. तुम्हाला भांडायला कोणी लागत नाही. यांना लागतं." डॉक्टर हसून पुढे गेले. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते मुळीच नव्हतं. ज्याचा पाय गेलाय त्यानं ट्रकवाल्याशी भांडावं तर तो पळून गेलेला, भावाशी भांडावं तर औषधाचे पैसे त्यानंच आणलेले. उरतो कोण?

नवस हा अक्कांचा खास विषय. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून कमरेचं हाड मोडलेली एक नवी सून आमच्याकडे होती, सुरेखा नावाची. बापडी कुशीवर वळताना ओठ चावून घ्यायची. तिची सासू रोज येऊन सगळ्यांना अभिमानानं सांगायची की तिनं नवस बोललाय, सून उभी राहिली की अनवाणी गड चढून सप्तशृंगीची ओटी भरेल. हे ऐकून सुरेखाचा चेहरा आणखी उतरायचा. अक्कांनी एक दिवस सासूला विचारलं, "नवस बोललं कोण?"

"मी," सासू म्हणाली.

"मग गड चढणार कोण?"

"ती. संकट तिच्यावर उनं ना."

अक्कांची बोली बदलली. "तोंड तुह्यं अन् पाय तिचे? असा कोठी नवस असते का? जे बोललं त्यानं फेडावं. आपल्या जिवावर बोल ना, दुसऱ्याच्या हाडावर काहाले बोलते?"

सासू रागानं निघून गेली. आम्हाला वाटलं, आता तक्रार येणार. चार-सहा दिवसांनी ती लंगडत वॉर्डात आली. पायाला फोड, चेहरा उन्हानं रापलेला. गड चढून आली होती. सुनेच्या कॉटवर बसून तिनं तळवे वर करून दाखवले, "देख वं माय, काय हाल व्हयनात!" आणि सुरेखा, जी आल्यापासून हसली नव्हती, ती कंबर धरून हसली. हसताना दुखत होतं तरी हसली. मग दोघी मिळून रडल्या.

सगळ्यांनाच अक्का पचायच्या असं नाही. दर गुरुवारी एक महाराज वॉर्डात यायचे. कोणा विश्वस्तांनी त्यांना आणलं होतं. मागे ताट घेऊन एक शिष्य. प्रत्येक कॉटजवळ थांबून अंगारा लावायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, "भोगून संपव बाळा. मागच्या जन्मीचं कर्म आहे, फिटतंय." ज्याच्या पायाला वजनं टांगलेली आहेत, ज्याला कूस बदलता येत नाही, त्याला हे सांगायचं! गेल्या जन्मात तू कोणाचं तरी वाईट केलंस म्हणून. त्याला पळूनही जाता येत नाही. एका गुरुवारी अक्का त्यांच्या मागोमाग कॉटकॉटनं चालायला लागल्या. तिसऱ्या कॉटपाशी महाराजांनी वळून पाहिलं. अक्कांनी हात जोडून विचारलं, "महाराज, तुमचा हा चष्मा कोणत्या कर्माचा?"

वॉर्ड खदखदून हसला. वजनांच्या साखळ्या किणकिणल्या. महाराज लालबुंद झाले, विश्वस्त त्यांच्याहून लाल, आणि अक्कांना वॉर्डात यायची बंदी झाली. महाराजांना नाही, अक्कांना! मी मेट्रनकडे जाऊन भांडले, काही उपयोग झाला नाही. अक्का मात्र चार वाजता येऊन आवारातल्या लिंबाखाली बाकावर बसायला लागल्या. मग चाकाच्या खुर्चीवरचे पेशंट म्हणायला लागले, आम्हाला वारा खायला बाहेर न्या. कुबड्यांवालेही बाहेर. महाराजांच्या वाट्याला नुसते टांगलेले पाय उरले. महिन्याभरात बंदीचं कोणाला आठवेना.

हिलाल भगत आला तो या सगळ्यानंतर, चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी.

सोनगीरच्या पलीकडचं त्याचं गाव. खंडेराव हे ग्रामदैवत. आमच्या खानदेशात बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांत माणसं खच्चून भरायची आणि देवाच्या भगतानं उपास करून, अंगाला हळद लावून, त्या एकट्यानं ओढत न्यायच्या. भगताच्या अंगात देव येतो म्हणून गाड्या चालतात अशी श्रद्धा. हिलालच्या घराण्याकडे हे पिढ्यान् पिढ्या होतं. बापाच्या मागे तो कित्येक वर्षं ओढत होता. त्या साली गाड्या निम्म्या वाटेवर असताना तो खाली पडला आणि पहिल्या गाडीचं चाक मांडीवरून गेलं.

मांडीच्या हाडाचे तीन तुकडे. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन छान केलं. पण शिकाऊ डॉक्टरांना घेऊन राऊंडला आले तेव्हा त्याच्या कॉटजवळ थांबून म्हणाले, "हे बघा, देवाचा अपघात विभाग." पोरं हसली. हिलालनं डोळे मिटून घेतले. मला ते इतकं लागलं, की मी हातातला ट्रे मुद्दाम आपटला.

आणि गाव? गाव चार वाजता आलं. त्यांचं सगळं ठरलेलं होतं. सरपंचांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते सर्वांदेखत बोलले, "भगतनं सत्त्व गयं. नहीतर देवन्या गाड्या भगतना आंगवर कशा येतीन?" कोणी म्हणे उपास मोडला असेल, कोणी म्हणे बायकोचा विटाळ झाला असेल. त्याची बायको शेवंताबाई कोपऱ्यात उभी राहून हे ऐकत होती.

अक्कांनी दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ स्टूल ओढलं. "कोणावर राग आहे?"

"कोनावर नही, अक्का," हिलाल म्हणाला. आवाज इतका बारीक की वाकून ऐकावा लागे. "मन्हंच काहीतरी चुकनं व्हई."

"देवावर?"

त्यानं कानाच्या पाळ्या पकडल्या. "आसं बोलू नका. तो मन्हा बाप शे."

"बापाशीच माणूस भांडतो," अक्का म्हणाल्या. रोज त्या विचारायच्या, रोज तो मान हलवायचा. "आज पण रिकाम्या हातानंच जाऊ का देवळात?" असं म्हणून त्या उठायच्या. मला वाटतं, अक्कांना कोणी इतकं दमवलं नव्हतं.

हाड जुळत आलं. एक्स-रे चांगला आला. आता त्याला उभं करायचं, चालवायचं. आणि इथे घोडं अडलं. व्यायाम करवून घेणारे साळीसर त्याला वॉकर द्यायचे, कमरेला पट्टा बांधायचे आणि तोल गेला तर धरता यावं म्हणून मागे उभे राहायचे. की हा थरथर कापत खाली बसायचा. रोज. घामानं निथळायचा. साळीसर म्हणाले, पाय ठीक आहे, माणूस आळशी आहे. डॉक्टर म्हणाले, डोक्यात अंधश्रद्धा आहे, देवाची परवानगी लागत असेल त्याला. गाव म्हणालं, बघा, देव उठू देत नाही. ज्याला जे पाहिजे ते त्यानं त्या पायात पाहिलं. गुडघा आखडत चालला होता. अजून काही आठवडे असाच बसला असता तर तो जन्मभर सरळ चालला नसता. आणि बायको शेवंताबाई एक दिवस अक्कांच्या पायाशी बसून सांगायला लागली, "मी देवले सांगेल शे. यास्ले उभं कर, ह्या आखाजीले तुन्ह्या गाड्या पुऱ्या ओढतीन."

निम्म्या वाटेवर थांबलेल्या गाड्या अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, पुऱ्या करायच्या असं गावानं ठरवलं होतं. अक्का शेवंताबाईवर ओरडतील म्हणून मी थांबले. पण त्या ओरडल्या नाहीत. हिलालकडे बघत राहिल्या. त्यानं हे आत्ता पहिल्यांदा ऐकलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अक्कांनी स्टूल जवळ ओढलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या.

"हिलालभाऊ, उभा राहिलास की ओढावं लागणार. म्हणून उठत नाहीस का?"

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"भीती वाटते?"

मोठा धिप्पाड माणूस. ज्याच्या पाया गाव पडायचं. त्यानं चादर तोंडात धरली आणि त्याचे खांदे हलायला लागले. मग सगळं बाहेर आलं. "लाकडी चाक कुरकुर करस, अक्का. मांगे गाडी कितली दूर शे, माले आवाजवरथीन समजस. मन्हा बापनी तसंच शिकाडेल. औंदा टायरन्या गाड्या बांध्यात. त्यास्ले आवाजच नही. डांबरी सडक, उतार. माले समजनंच नही, तवलोंग आंगवर."

त्या वर्षी गावात डांबरी रस्ता नवा झाला होता, आणि ज्यांच्याकडे नव्या टायरच्या गाड्या आल्या होत्या त्यांना त्या बारांत आपली गाडी पुढे हवी होती. त्यात मान होता. पहिली गाडी सरपंचांची. बिनआवाजाची. हे त्या वॉर्डात येऊन पापाची चौकशी करणाऱ्या आबांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! स्वतःच्या गाडीचं चाक, आणि सत्त्व गेलं भगताचं. मी आजही ते आठवलं की माझ्या कानशिलाच्या शिरा तडतडतात.

साळीसर मागे उभे राहिले की तो का खाली बसायचा, तेही मला तेव्हा कळलं. त्याच्या पाठीमागे कोणीतरी आवाज न करता उभं असायचं.

दुसऱ्या दिवशी अक्का साळीसरांना म्हणाल्या, "तुम्ही पुढं या. मागं मी राहते." आणि हिलालच्या पाठीमागे उभ्या राहून त्यांनी बडबड सुरू केली. देवापासून सुरुवात केली, मग सरपंचांचा टायर, मग आपल्या नवऱ्याची केळी, जाऊबाई, धुळ्याचं पाणी, सगळ्यांचा उद्धार. "ऐकू येतंय ना? मग मी इथंच आहे. टाक पाय. त्या खंडेरावाले काही डोये नव्हते का? एवढा टायर नही दिसला त्याले? टाक, दुसरा टाक." तो कापत होता, पण बसला नाही. कॉटपासून खिडकीपर्यंत गेला. खिडकीचे गज धरून उभा राहिला आणि बाहेरच्या लिंबाकडे बघत राहिला. अक्का मागून बोलतच होत्या. थांबायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

पुढे तो रोज चालायला लागला. सगळा वॉर्ड अक्कांच्या शिव्या ऐकत दुपारचा चहा घ्यायचा.

बातमी गावात गेली. आणि पुन्हा जीप आली. ह्या वेळी हार घेऊन! आबा, सरपंच आणि देवळाचा पुजारी. ज्याचं सत्त्व गेलं होतं त्याच्या गळ्यात हार घालून आबा म्हणाले, "देवनी माफ करं तुले. पाय चालाले लागना. आते आखाजीले गाड्या तुलेच ओढना पडतीन. बाईनी नवस बी बोलेल शे."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. अक्का बाजूच्या स्टुलावर होत्या, त्यांचाही चेहरा रागानं लाल झाला होता. पण त्यांनी हिलालकडे नुसतं बघितलं. कारण ह्यात दुसऱ्या कोणी बोलून उपयोग नव्हता.

हिलालनं हार काढला आणि उशाशी ठेवला. बराच वेळ हार सरळ करत बसला. मग म्हणाला, "माले भ्याव वाटस."

"काय?" आबांना खरंच ऐकू आलं नाही.

"भ्याव वाटस, आबा. मी नही ओढाव."

भगत म्हणतो, मला भीती वाटते. पुजाऱ्यानं कपाळाला हात लावला. सरपंच म्हणाले, "भगत भ्यास का कधी? लोके हासतीन." मग अक्का उठल्या, शेवंताबाईकडे बोट केलं. "हसू दे लोकांना. नवस हिच्या तोंडून निघाला, ही फेडेल, हिच्याच्यानं होईल तसा. अन् टायर ज्याचे त्यानं गाड्या ओढाव्या. उपास कर, हळद लाव, अन् टायरच्या गाडीम्होरं राह्य उभा. मी येते पाह्याले." जीप लवकर गेली.

आखाजीला काय झालं ते मला शेवंताबाईनं नंतर सांगितलं. गाड्या लाकडी चाकांच्याच बांधल्या, आणि गावानं मिळून हात लावून त्या देवळापर्यंत ढकलल्या. पहिला हात शेवंताबाईचा. देवानं ते मानून घेतलं की नाही, याची काही खबर नाही. हिलाल ओट्यावर बसून बघत होता. तो गावात राहिला, काठी घेऊन चालायचा, शेती बघायचा. पण गाव त्याच्याशी पूर्वीसारखं बोललं नाही. आणि अक्कांना त्यानं शेवटपर्यंत देवाविरुद्ध एक शब्द पोचवायला दिला नाही. अक्का म्हणायच्या, "गावाला घाबरायचा, ते गेलं. पण वरच्याला अजून घाबरतो. एवढं एक माझ्याच्यानं झालं नाही."

दोन-तीन वर्षांनी, नव्वदच्या सुमारास, अक्का देवळातून दवाखान्याकडे येत असताना एका टेंपोनं त्यांना उडवलं. आमच्याच वॉर्डात आणलं. मी तेव्हा इनचार्ज झाले होते. दुसरा खुबा, बरगड्या, आत रक्तस्राव. मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, पण मला त्यांचा चेहरा वाचता येत होता.

आणि मग चार वाजले. काय सांगू तुम्हाला! निम्मं धुळं लोटलं, आणि निम्म्या तोंडात एकच. "देवाशी भांडायच्या ना. शेवटी महाग पडलं." देवळातला तो घंटा वाजवणारा पुजारी येऊन अंगारा लावून म्हणाला, "आता तरी माफी मागा, अक्का." अक्कांच्या नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं फारसं. जाऊबाई आल्या होत्या. त्यांच्या तोंडावर तर कुठेतरी समाधान होतं, मी शपथेवर सांगेन. इतक्या वर्षांत ज्या बाईनं शेकडो लोकांच्या मानेवरून हे जू उतरवलं, ते तिच्याच मानेवर ठेवायला रांग लागली होती. मी इनचार्जच्या अधिकारात सगळ्यांना बाहेर काढलं. भेटायची वेळ असताना. विश्वस्तांचा फोन आला, तोही आपटला.

व्हरांड्यात एक माणूस काठीवर हात ठेवून उभा राहिला होता. हिलाल. गावात त्यालाही लोकांनी हेच ऐकवलं होतं, तुझ्या अक्काला देवानं दाखवलं म्हणून. तरी तो एस.टी.नं आला होता. त्याला मी आत घेतलं.

त्यानं स्टूल ओढलं. अक्कांचा हात हातात घेऊन बसला. अक्कांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, त्या झोपेत आहेत, आणि त्यालाही तसंच वाटलं असावं. तो छताकडे बघायला लागला. कपाळावर घाम आला होता, वॉकर धरल्यावर यायचा तसा. मग एकदाचं तोंडातल्या तोंडात म्हणाला, "देवा, हाई तू बरं नही करं."

अक्कांनी डोळे उघडले. नळी बाजूला सारायला हात हलवला. मी पुढे झाले, पण त्यांनी मला खुणेनं थांबवलं.

"मोठ्यानं बोल ना, भाऊ," अक्का म्हणाल्या. "इतकं पुटपुटून त्याले काय ऐकू जाईन?"